एक तिकीट, परदेशी टपालासाठी

"तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यातच तोंड उघड. चुकलीस तरी चालेल. एकदा दुसरं कुणी तुझ्या वतीनं बोलायला लागलं की लोक तुझ्याकडे बघायचंच सोडतात."

मी निघायच्या तयारीत होते तेव्हा आईनं हे सांगितलं. नेहमीसारखं घरभर ऐकू जाईल अशा आवाजात, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मी बाळाची दुपटी बॅगेच्या कोपऱ्यात कोंबत होते. तिला दिसेल असं तोंड करून "हो गं आई" म्हटलं आणि चेन ओढली. नवरा वर्षभर आधी येऊन इथं रुळला होता, इटालियन फडाफडा बोलायला लागला होता, आणि माझ्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती. कोण कुणाच्या वतीनं बोलतं, हा मला त्या वेळी रिकामटेकड्यांचा प्रश्न वाटला.

नवरा मोठ्या शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतो. स्वभावानं मऊ. विमानतळावरून घरी येतानाच म्हणाला, "तू काही काळजी करू नकोस. तुझी जीभ मी, तुझे पाय मी. तू फक्त हुकूम सोडायचा." मी हसले. बाळानं रात्रभर जागवलेलं होतं, तेव्हा कुणी पाय आणि जीभ दोन्ही पुरवत असेल तर कोण नाही म्हणेल?

त्यानं शब्द पाळलाही. बाजार तो करतो. घरमालकाशी तो बोलतो. बाळाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो की त्या बाळाला तपासतात आणि त्याच्याशी बोलतात. पोरगी माझ्या मांडीवर, पण सगळी वाक्यं माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे. तो मग मला सांगतो, "ठीक आहे म्हणतायत." त्या चांगल्या लांबलचक बोललेल्या असतात. मी म्हणते, "एवढंच?" तो म्हणतो, "सार सांगितलं गं. बाकी डॉक्टरी पाल्हाळ." त्या पाल्हाळात काय होतं, याचा विचार करत मी पुढचे चार दिवस पोरीचं अंग सारखं चाचपत बसते.

आमच्या घराच्या दाराला बाहेरून मूठ नाही. ओढलं की बंद, मग चावी लागते. चावी एकच. दुसरी घरमालक करून देणार आहे, असं पहिल्या महिन्यापासून चाललंय. चावी नवऱ्याकडे, कारण बाहेर तोच जातो. मला कुणी कोंडलेलं नाही, हे मी स्वतःला अनेकदा समजावलंय. दार आतून केव्हाही उघडतं. फक्त उघडून बाहेर पडलं की तो येईपर्यंत जिन्यात बसावं लागतं.

पण ही गोष्ट माझी नाही, आईची आहे.

आई एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. यंत्रांच्या खोलीला लागूनच तिचं टेबल होतं, त्या खडखडाटानं हळूहळू कान गेले. नोकरी सुटली तोवर ठार बहिरी झाली होती. पण बाई खमकी. समोरच्याच्या ओठांवरून ओळखायची, नाही कळलं तर कॅलेंडरचे जुने कागद कापून ठेवलेले असत, त्यावर लिहायला लावायची. माझं कॉलेजातलं पहिलं भाषण तिनं पहिल्या रांगेत बसून माझ्या तोंडाकडे बघत वाचलं होतं, आणि घरी येऊन सांगितलं होतं की मी "परंतु" फार वेळा म्हणते.

आता ती दादा-वहिनींकडे असते. म्हणजे आमच्याच घरी, फक्त घर आता दादाच्या नावावर आहे. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल होतो. फोन वहिनीच्या हातात. चित्र मध्येच थिजतं, माझे ओठ पडद्यावर केवढेसे, आईला त्यावरून काही कळत नाही. मग मी बोलते ते वहिनी ऐकते, आईकडे वळून काहीतरी म्हणते, आई मान हलवते, आणि वहिनी मला सांगते, "आई म्हणतायत बऱ्या आहेत."

पहिल्या काही रविवारी आई मोठ्यानं बोलायची. बाळाला हाका मारायची. मग नुसती हसायला लागली. मग माझं वाक्य संपायच्या आतच मान हलवायला लागली. ज्या बाईनं जन्मभर लोकांच्या काना-मात्रा पकडल्या, ती न विचारलेल्या प्रश्नाला हो म्हणत होती.

एका रविवारी वहिनीला भिंतींचा नवा रंग दाखवायचा होता. फोन फिरवत ती आईच्या खोलीतून बाहेर आली आणि दारावरून कॅमेरा गेला. दाराला बाहेरच्या बाजूनं नवी कोरी कडी होती.

"वहिनी, ही कडी कसली?"

"अहो ताई, वाऱ्यानं दार आपटतं."

"मग आतून लावायची ना."

मागून दादा आला. "आई मागे गॅस चालू ठेवून पुस्तक वाचत बसली होती. तुला माहितेय? आम्ही दोघं दिवसभर कामावर. कुकरची शिट्टी तिला ऐकू येत नाही, बेल ऐकू येत नाही. तुला एवढी काळजी असेल तर ये, सांभाळ."

खाली शिंपीकाकांचं दुकान आहे, त्यांचा नंबर मी दादाकडे मागितला. तो हसला. "हेर नेमतेस काय?" नंबर दिला नाही.

मला एवढंच जाणून घ्यायचं होतं: दिवसभर तिला कोंडून ठेवतात का, आणि तिला तिथं राहायचंय का. दोन्हींची उत्तरं आईनं द्यायला हवी होती, आणि आईपर्यंत वहिनीला ओलांडून जाणारी एकच गोष्ट होती. कागद. तो तिला माझ्याइतकाच, खरं तर माझ्याहून चांगला वाचता येतो.

पत्र लिहायला एक दुपार पुरली. तिकीट आणायला भाषा हवी होती.

नवऱ्याला सांगितलं असतं तर तो संध्याकाळी घेऊन आला असता. मग कुणाला, कशासाठी, फोन आहे की, दादाला उगाच वाईट वाटेल, हे सगळं आलं असतं. तो वाईट नाही, पण त्याला घरातली भांडणं सहन होत नाहीत. यंत्रात खडखड झाली की तेल घालायचं, ही त्याची पद्धत.

मी फोनवर एक फुकटचा पाठ शोधला. 'पोस्टात'. त्यातली बाई इतक्या निवांतपणे तिकीट मागते की तिच्या घरात कुणी कधी रडलंच नसावं. "बोंजोर्नो," ती म्हणते. नमस्कार. "वोर्रेई उन फ्रांकोबोल्लो पेर लेस्तेरो." मला परदेशासाठी एक टपाल तिकीट हवं होतं. "क्वांतो कोस्ता?" केवढ्याला? "ग्रात्सिए." आभार. समोरचा कारकून तिला लगेच तिकीट देतो आणि शुभ दिवस चिंततो. असे कारकून कुठे भरती होतात, देव जाणे.

बाळाला उंच खुर्चीत बसवून मी तिला कारकून केलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून यायचं, नमस्कार करायचा, तिकीट मागायचं. ती चमचा ताटलीवर आपटायची. तो शिक्का. कधी चमचा फेकून द्यायची. म्हणजे खिडकी बंद, जेवणाची सुट्टी. फ्रांकोबोल्लो हा शब्द माझ्या जिभेवर लापशीसारखा चिकटायचा, मग सुटा व्हायला लागला. कपडे वाळत घालताना म्हणायचे, तिला झोपवताना अंगाईच्या चालीवर म्हणायचे. नवरा एकदा म्हणाला, "काय गुणगुणतेस?" मी म्हटलं, "गाणं."

मग एका सकाळी तो गेल्यावर मी पोरीला बाबागाडीत बसवलं, दारात माझी चप्पल अडकवली म्हणजे ते बंद होणार नाही, आणि निघाले. पत्राच्या पाकिटाला गोंद नव्हता, घरातही नव्हता, म्हणून मी झापड नुसती आत खोचली होती.

पोस्टात आत शिरताच एक यंत्र होतं. बटण दाबायचं, नंबराची चिठ्ठी निघते, फळ्यावर नंबर झळकला की खिडकीशी जायचं. पाठातल्या बाईला हे यंत्र लागलं नव्हतं. मी सगळ्यात वरचं बटण दाबलं. बराच वेळ बसले. नंबर आला तेव्हा कळलं की ती खिडकी बचत खात्यांची. आतल्या बाईंनी पाकिटाकडे बोट केलं, यंत्राकडे केलं, खालच्या बटणाकडे केलं. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा बाक. पोरगी कुरकुरायला लागली. दाराला चप्पल लावून आलेय, हे डोक्यातून जात नव्हतं.

शेवटी माझी खिडकी आली. मी वाक्य म्हटलं. सगळं. एकदाही न अडखळता.

कारकूनबाई म्हणाल्या, "फिनीती."

हा शब्द मला येत होता. पावाच्या दुकानाच्या पाठात होता. संपले. पोस्टात टपाल तिकिटं संपली होती. हे त्या फोनमधल्या बाईच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय म्हणायचं ते तिनं मला शिकवलं नव्हतं. मी उभीच राहिले. कारकूनबाईंनी काचेतून रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे हात केला. सिगारेटी, बसचे पास, लॉटरी आणि, कळलं ते असं की, टपाल तिकिटं.

त्या दुकानात मी नवऱ्याबरोबर अनेकदा गेले होते. तो बसचा पास घेतो, मी बाबागाडी धरून मागे उभी. दुकानदार म्हातारा, मिशाळ, बाळ दिसलं की गाल फुगवून दाखवणारा. त्या दिवशीही दाखवले. मग माझ्या मागे बघितलं, नवरा कुठाय म्हणून.

मी वाक्य म्हटलं.

त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. "ब्रावा," म्हणाला, शाब्बास, आणि गल्ल्याखालच्या खणातून तिकिटांची वही काढली. पानं उलटली. माझा हात पुढे झाला होता. मग त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं, चेहरा एकदम काळजीवाहू झाला, त्यानं एक बोट वर करून मला थांबायला सांगितलं आणि फोन लावला. दोन शब्द बोलून फोन माझ्या हातात दिला.

"अगं, तू दुकानात? काय झालं? बाळ बरंय ना?" नवऱ्याचा आवाज.

"काही झालं नाही. तिकीट घेतेय. पत्राला."

"मग मला नाही का सांगायचं? मी त्याला सांगून ठेवलंय, तू कधी एकटी दिसलीस तर मला फोन कर म्हणून. कसा मस्त माणूस आहे बघ. थांब तिथंच, मी जवळच आहे, व्हॅन घेऊन येतो. फोन दे त्याला."

मी फोन दिला. ते दोघं माझ्याबद्दल काहीतरी बोलले आणि हसले, प्रेमानंच. फोन ठेवून दुकानदारानं तिकिटांची वही मिटली आणि परत खणात टाकली. मला बसायला स्टूल दिलं. मी बसले. मला तेव्हा उठून त्या खणाला हात घालावासा वाटत होता, पण मी शिकलेली बाई आहे, मी स्टुलावर बसून राहिले.

पावाच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, घरमालकाकडे, सगळीकडे नवऱ्यानं तसं सांगून ठेवलं होतं. माझ्याच भल्यासाठी. हे मला घरी परतताना व्हॅनमध्ये कळलं, तो मोठ्या कौतुकानं एकेक नाव घेत होता.

घराच्या दारात चप्पल बघून म्हणाला, "वा, चोरांना आमंत्रण." मग पत्र मागितलं. "दे, मी टाकतो. कामाच्या रस्त्यावर दुसरं पोस्ट आहे." मी पत्र धरून ठेवलं होतं. त्यानं हसून माझी बोटं सोडवली, जशी बाळाच्या हातातून कात्री सोडवतात.

संध्याकाळी तो खुशीत आला.

"टाकलंस?"

"त्याहून भारी. पत्र पोचायला तीन आठवडे लागतात म्हणाले. मी म्हटलं, कशाला? पानांचे फोटो काढले आणि दादाला पाठवले. आईंना आजच्या आज वाचायला मिळालं असेल."

मी बाळाला भरवत होते. चमचा तसाच राहिला.

"तू वाचलंस?"

"छे. आई-मुलीचं पत्र मी कशाला वाचू?" हे त्यानं जरा दुखावून विचारलं. आणि ते खरं होतं. त्यानं एकही ओळ वाचली नव्हती. प्रत्येक पान सरळ धरून, नीट उजेडात, सभ्यपणे डोळे मिटून पाठवलं होतं.

"त्यात मी आईला विचारलं होतं की दिवसा तुला कडी लावून ठेवतात का."

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "मग सरळ दादालाच विचारायचंस."

"विचारलं होतं. दादा दादाचं उत्तर देतो. मला आईचं हवं होतं."

"मला काय माहीत?"

"तू विचारलं असतंस तर माहीत झालं असतं."

दादाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "कडी लावतात का म्हणे. मी काय जेलर आहे?"

"आईला दाखवलंस का पत्र?"

"दाखवायचं काय त्यात? उगाच तिच्या डोक्याला ताप. आणि एक सांगतो, तिकडे बसून इथल्या घराला भोकं पाडू नकोस."

त्या रविवारी वहिनी म्हणाली, आई झोपल्यात. पुढच्या रविवारी म्हणाली, आत्ताच डोळा लागला. त्याच्या पुढच्या रविवारी फोन कुणी उचललाच नाही. आई दुपारची कधी झोपत नाही. दुपारी झोपणाऱ्यांना ती नावं ठेवते.

नवरा आता माझ्याशी जपून वागत होता. "मी त्या दुकानदाराला सांगतो, फोन करू नको म्हणून," असं स्वतःहून म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "तेही तूच सांगणार? मी सांगते."

हे कुठल्याच पाठात नव्हतं. शब्दकोश उघडून एकेक शब्द वेचला, क्रियापद आदरार्थी आहे ना हे दोनदा बघितलं, आणि पुन्हा बाळाला खुर्चीत बसवलं. या वेळी ती दुकानदार होती. मी वाक्य म्हटलं की ती खदखदा हसायची. मला हसू येत नव्हतं. नवीन पत्र लिहिलं, आधीच्यापेक्षा लहान, मोठ्या अक्षरात. मैद्याची खळ करून पाकीट चिकटवलं.

दुकानदारानं मला पाहून गाल फुगवले. मी तिकीट मागितलं. त्याचा हात खणाकडे गेला, आणि मग सवयीनं फोनकडे.

"नॉन क्यामी मिओ मारीतो," मी म्हटलं. माझ्या नवऱ्याला फोन करू नका.

आवाज जरा मोठाच लागला. रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. दुकानदाराचा हात फोनवर तसाच राहिला. त्यानं आधी बाळाकडे, मग माझ्याकडे बघितलं. या एवढ्या महिन्यांत त्यानं माझ्याकडे पहिल्यांदाच एवढा वेळ बघितलं असेल. मग हात काढून घेतला, वही उघडली, एक तिकीट कडेनं जपून फाडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी ते तिथंच पाकिटाला लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला.

मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. बाबागाडी ढकलत वळणापर्यंत तसं वाटलंही. मग डोळ्यांपुढे आमचं घर आलं. पोस्टमन दुपारी येतो. दार बंद असलं की पत्र खालच्या फटीतून आत सरकवतो. ते पुढच्या खोलीच्या फरशीवर पडतं. आई आतल्या खोलीत, आणि तिच्या दाराला बाहेरून कडी. संध्याकाळी आधी वहिनी येते. पत्रावर पाय पडू नये म्हणून ती ते आधी उचलेल.

एवढी भाषा शिकून मी ते पत्र एका बंद दारापासून दुसऱ्या बंद दारापर्यंत पाठवलं. माझ्याकडून याहून पुढे जात नाही. चावी अजून एकच आहे, विमानाचं तिकीट काढून परत यायला अजून कितीतरी महिने लागतील, आणि फोन वहिनीच्या हातात आहे.

म्हणून तुम्हाला विचारते. पाण्याच्या जुन्या टाकीमागच्या गल्लीत, खाली शिलाईचं दुकान असलेलं दुमजली घर तुम्हाला माहीत असेल, तर आठवड्यातल्या एखाद्या दुपारी तिकडे जा. बेल दाबू नका, दार वाजवू नका, तिला ऐकू येत नाही. मागच्या बोळातून वरच्या मजल्यावरची तिची खिडकी दिसते. तिथं उभं राहून तिचं लक्ष जाईपर्यंत हात हलवा. तिनं खिडकीत येऊन बघितलं तर तोंड तिच्याकडे ठेवून सावकाश विचारा, खाली येता का म्हणून. ती खाली येऊ शकते की नाही, तेवढं बघाल का?